झाकण मीच लावतो

३ मार्च, सोमवार

गॅरंटी आज स्टुडिओत आला, काउंटरवर एक केशरी डबी ठेवली आणि म्हणाला, "याची परीक्षा घे."

गॅरंटी म्हणजे चौकातला कॅमेऱ्याचा दुकानदार, माझा शाळेपासूनचा मित्र. रिकाम्या खोक्यावरसुद्धा हात ठेवून "गॅरंटी आहे" म्हणतो, म्हणून हे नाव. डबी म्हणजे कॅमेरा. पाण्यात चालतो, वरून पडला तरी चालतो, गोठत नाही, धुळीला दाद देत नाही, असं खोक्यावर लिहिलंय. आकार साबणाच्या वडीएवढा. हातात धरला आणि मला हसूच आलं. याला कॅमेरा म्हणायचं तर पाण्याच्या पिस्तुलाला तोफ म्हणायला काय हरकत आहे?

सुट्ट्यांच्या आधी त्याला हे कॅमेरे खोकीच्या खोकी मागवायचेत. त्याआधी भरवशाच्या माणसाने महिनाभर वापरून अहवाल द्यावा, बरोबर फोटो द्यावेत. ते पसंत पडलं तर दुकानाची माडी माझी. येणारा प्रत्येक नवा कॅमेरा मी तपासायचा, गिऱ्हाइकांना मी शिकवायचं, जिन्याच्या तोंडाशी माझी पाटी. स्टुडिओत आता फक्त पासपोर्टचे फोटो उरलेत, त्यातही लोक विचारतात, "फोनवर काढलेला चालणार नाही का?" ती माडी मला हवी आहे. फार हवी आहे.

अहवाल वेगळ्या कागदांवर लिहीन. जे त्यात लिहिता येणार नाही ते इथे.

५ मार्च, बुधवार

कॅमेरा आधी गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकला, मग कमरेच्या, मग डोक्याच्या. शेवटी गॅलरीतून खाली. कोपऱ्यावर एक ओरखडा, बाकी ठणठणीत. माझा मोठा कॅमेरा मी अजूनही तान्ह्या बाळासारखा उचलतो आणि हा दगडावर आपटून वर फ्लॅश मारतो.

काल तो फ्रीजरमध्ये ठेवला होता, मटारच्या पिशवीशेजारी. बायकोने (इथे मी तिला 'ही'च म्हणणार, सवयच आहे) सकाळी फ्रीज उघडला आणि ओरडली, "अहो, हे मटारात घालायचंय की नुसतंच गारठवायचंय?"

लेक म्हणाली, "बाबा, तू त्याला तपासतोयस की मारून टाकतोयस?"

परीक्षकाने निःपक्षपाती असावं. मी आहे. फक्त तो मोडावा असं मनापासून वाटतं.

८ मार्च, शनिवार

वाळूत पुरून काढला. बादलीत बुडवला. काही होत नाही.

सगळी मेख याच्या झाकणात आहे. बाजूला एक छोटं झाकण, आत बॅटरी आणि मेमरी कार्ड, कडेने रबराची बारीक पट्टी. झाकण बंद केलं की पहिला खटका लागतो. मग वरची कळ सरकवायची, तेव्हा दुसरा. दुसरा लागला नाही तर कडेला लाल रेघ दिसत राहते. रबरावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरणार. म्हणून मी पद्धत ठरवली: मऊ फडक्याने रबर पुसायचं, उजेडात धरून बघायचं, फुंकर मारायची, झाकण लावायचं, दोन खटके ऐकायचे, रेघ गेली का पाहायचं. हे काम माझं. दुसऱ्या कोणी झाकणाला हात लावायचा नाही.

पण बादली म्हणजे काही पाणी नव्हे. खरी परीक्षा खोलात, आणि मला पोहता येत नाही. तोंडावर पाणी आलं की माझा जीव घाबरतो.

ही म्हणाली, "मी नेते की. नाहीतरी रोज जातेच."

पाठ धरते म्हणून डॉक्टरांनी हिला पोहायला सांगितलं, तेव्हापासून ही रोज सकाळी टँकवर जाते. मी म्हटलं, "तुला जमेल?"

"बटण दाबायचं ना?"

"तेवढंच करायचं. बाकी कशाला हात लावू नकोस. फ्लॅश चालू ठेव. झाकण मी लावून देईन, घरी आलीस की मीच उघडीन."

"बरं," ही म्हणाली.

११ मार्च, मंगळवार

मला वाटलं होतं निळा धूर आणि त्यात कोणाचे तरी अंगठे. पहिले बरेचसे तसेच होते. फ्लॅशमुळे पाण्यातला सगळा कचरा पांढरा चमकलेला.

आणि मग एक फोटो. गुडघ्यांसाठी येणारे एक आजोबा कठड्याला धरून पाण्यात चालताहेत. फोटो खालून काढलेला. चड्डी हवेने फुगलेली, पावलं तळावर अलगद, आणि वर पाण्याचा आरसा झालेला, त्यात तेच पाय उलटे. डोकं दिसतच नाही. नुसतं एक शरीर, ज्याचं काहीही दुखत नाही.

मी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यात फ्लॅश का नाही?"

"बंद केला. तो सगळं भसकन पांढरं करत होता."

"कसा बंद केलास?"

"सापडलं."

बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय. ढीगभर काढले की एखादा बरा निघतोच. मी हिला सांगितलं, "मुख्य वस्तू मधोमध ठेवू नये, चौकटीचे तीन भाग कल्पावेत." ही ऐकत होती, पण नजर स्क्रीनवरच्या आजोबांवर.

१४ मार्च, शुक्रवार

एखादा नाही. बरेच निघताहेत.

नाक दाबून, गाल फुगवून, डोळे गच्च मिटून बसलेली मुलगी. पाण्यात उडी पडल्याबरोबरचा बुडबुड्यांचा खांब आणि त्याच्या टोकाला दोन टाचा. मी अहवालात लिहिलं होतं, "बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत उशीर होतो, हलत्या वस्तूंसाठी निरुपयोगी." हिला विचारलं, या टाचा कशा काय सापडल्या?

"तो जरा उशिरा काढतो ना, म्हणून मी जरा आधी दाबते."

हे मला का सुचलं नाही?

पण खरा काटा वेगळाच आहे. आजच्या फोटोंत एक हात आहे, पुरुषाचा. पोहायला शिकणाऱ्या एका बाईच्या पाठीखाली धरलेला, तळवा वर, बोटं पसरलेली. नीट पाहिलं तर तळहात आणि पाठ यांच्यात बोटभर अंतर आहे. म्हणजे त्याने आधार काढून घेतलाय, आणि ती तरंगतेय, आणि तिला अजून ते माहीतच नाही.

"हा कोण?"

"आमचे कोच. सगळे त्यांना शिट्टी म्हणतात."

नंतर पाहिलं तर तो हात अजून दोन-तीन फोटोंत निघाला. जन्मभर मी लोकांचे हात काढत आलो, लग्नातले, बारशातले. कोणी उगाच एखाद्याचा हात असा बघत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याचाच हात असा दिसतो. हिने माझा असा एकही फोटो काढलेला नाही. माझा काय, आजवर कोणाचाच काढला नव्हता. मीही कधी कॅमेरा हातात दिला नव्हता म्हणा.



१६ मार्च, रविवार

टँकवर जाऊन आलो. "कॅमेरा कसा हाताळतेस ते परीक्षक म्हणून पाहायला हवं," असं हिला सांगणार होतो, पण न सांगताच गेलो. दारावर बूट काढायला लावले. मोजे ओले झाले.

शिट्टी साठीचा आहे. टक्कल, सुटलेलं पोट, गळ्यात दोरीला शिट्टी. मला पाहून म्हणाला, "या साहेब! वहिनींचे मिस्टर ना? वहिनींना काय नजर आहे हो. आम्ही इतकी वर्षं या पाण्यात, आम्हाला नाही दिसलं कधी. तुम्हीच शिकवलं असणार."

"थोडंफार," मी म्हटलं.

"उतरा की तुम्हीपण. पाणी कोणाला खात नाही."

मी म्हटलं, पुन्हा कधी. असल्या साध्याभोळ्यांपासूनच जपावं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

तेवढ्यात ही पाण्याखाली गेली. मी काठावर उभा. सगळे वर येत होते, श्वास घेत होते, ही येतच नव्हती. मला हाक मारावीशी वाटली. मग ही टँकच्या मधोमध वर आली, केस चिकटलेले, कॅमेरा डोळ्यांजवळ, आणि त्याच्या स्क्रीनकडे बघून एवढी हसली, एवढी हसली, की शेजारचा पोहणारा थांबला. माझ्याकडे बघून ही अशी कधी हसली, ते मी आठवत घरी आलो. आठवलं नाही. शिट्टी त्या वेळी पलीकडच्या काठाला पोरांवर ओरडत होता, हे मात्र मान्य करायला हवं.

दुपारी विचारलं, "खाली एवढा वेळ काय करतेस?"

"श्वास सगळा सोडून द्यायचा, मग आपण खाली बसतो. खाली बसलं की सगळ्यांचे पाय दिसतात. माणसं तोंडाने खोटं बोलतात हो, पाय नाही बोलत."

मी पाय टेबलाखाली ओढून घेतले.

१८ मार्च, मंगळवार

गॅरंटी स्टुडिओत आला तेव्हा तो हाताचा फोटो कॉम्प्युटरवर उघडाच होता. मी गेल्या काही दिवसांत तो पुन्हापुन्हा उघडतो. काय शोधतो ते माहीत नाही.

गॅरंटी उभाच राहिला. मग म्हणाला, "अरे, हे तू काढलंस?"

मी म्हटलं, "कॅमेरा चांगला आहे."

"कॅमेऱ्याचं सोड! इतकी वर्षं तुझी लग्नं बघतोय मी, सगळ्यांचे चेहरे पोळीसारखे सपाट. हे होतं कुठे तुझ्यात?" त्याने आजोबा पाहिले, टाचा पाहिल्या, मला मिठी मारली. हाताचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावायचा, दरवाज्याएवढा, खाली माझं नाव. "माडी तुझी. गॅरंटी."

तो मला विचारत नव्हता, सांगत होता. सांगणाऱ्याला मध्येच कसं थांबवणार? आणि कॅमेरा तपासायला मला दिलेला होता. कोणी कुठे बटण दाबलं हा तपशील झाला. स्वयंपाकघर ज्याचं, जेवण त्याचं.

घरी हिने विचारलं, "गॅरंटीभाऊजींना दाखवलेत फोटो? काय म्हणाले?"

"बरे आहेत म्हणाला."

"खरंच?" हिचा चेहरा असा उजळला, जसं काही मी दागिना आणलाय. "बरे म्हणाले?"

लेक माझ्याकडे बघत होती. ही पोरगी हल्ली फार बघते.

२० मार्च, गुरुवार

भांडण झालं. म्हणजे मी भांडलो.

उद्या शिट्टीच्या नव्या शिकाऊ लोकांची परीक्षा आहे, पहिल्यांदा एकट्याने खोल बाजू पार करायची. हिला लवकर जायचंय, उशिरापर्यंत थांबायचंय. जेवताना सगळं तेच. अमक्या बाईंना भीती वाटते, तमक्यांचा श्वास पुरत नाही, उजेड कोणत्या बाजूने येतो, कुठे बसलं तर दोन्ही काठ एकदम दिसतात. मी किती वर्षांत उजेडाबद्दल असा बोललो नाही.

मी म्हटलं, "एवढं काय ठेवलंय त्या टँकमध्ये?"

ही जरा विचार करून म्हणाली, "तिथे खाली मला कोणी हाक मारत नाही."

"म्हणजे मी हाका मारून छळतो?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग त्या शिट्टीचे हात कशाला काढतेस सारखे?"

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि मी हसत नाही असं दिसल्यावर थांबली. "अहो, ते सोडून देतात ना, म्हणून," ही म्हणाली. "धरून ठेवायला कोणालाही येतं."

लेकीने ताट उचललं. "बाबा, तू जळतोयस," म्हणाली. "फक्त कोणावर ते तुला माहीत नाही."

चौदाव्या वर्षी अक्कल वाटायला निघालीय.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी नेहमीप्रमाणे रबर पुसलं. फुंकर मारली. झाकण लावलं. खटका लागला.

दुसरा लागला असावा. तेवढ्यात फोन वाजला, की दारावर कोणी आलं, नक्की आठवत नाही. घाईत होतो. ही दारात पिशवी घेऊन उभी होती, चप्पल घातलेली, आणि चेहऱ्यावर ते टँकवर जायचं हसू. मी कॅमेरा दिला. झाकणाची बाजू खाली होती, त्यामुळे रेघ वगैरे काही दिसली नाही.

दिवसभर पासपोर्ट फोटो काढले. एका माणसाला तीनदा परत बसवावं लागलं, मीच कॅमेरा हलवत होतो.

ही दुपारी आली. टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा टेबलावर ठेवला. आत पाणी डुचमळत होतं, काचेच्या मागे बुडबुडा. "शिरलं हो पाणी," ही म्हणाली. "लगेच शिरलं. पायऱ्या उतरून खाली बसले तोच." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली, एखादा निकाल ऐकायला उभं राहावं तशी. मला वाटलं होतं रडेल.

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "असू दे. होतं असं. मी तुला दोष देत नाही."

किती नवरे असं म्हणतील? गॅरंटीची वस्तू, माझ्या माडीचा प्रश्न, तरी एक वाकडा शब्द काढला नाही. पण का कोण जाणे, हिचा चेहरा एकदम उतरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. टॉवेल वाळत घालायला गेली.

२४ मार्च, सोमवार

कॅमेरा गेला. कार्ड वाळवलं, फोटो वाचले. शुक्रवारचे मात्र फारसे नाहीत. सगळ्यात शेवटच्यात पाण्याचा एक ठिपका उजव्या कोपऱ्यातून आत येतोय.

गॅरंटीला सांगणं भाग होतं. तो म्हणाला, "पाण्यात चालतो म्हणतात आणि पाणी शिरतं? मग मी विकू कसा?"

कॅमेऱ्यावर अन्याय होऊ नये असं वाटलं. म्हटलं, "कॅमेरा निर्दोष आहे. घरात हाताळताना झाकण नीट लागलं नाही. हिच्या हातात होता."

"बायकांच्या हातात द्यायचाच कशाला!" गॅरंटी हसला. विषय संपला. मोठा फोटो रविवारी काचेत लागणार.

ही टँकवर जात नाही. पाठ पुन्हा धरलीय. मी म्हटलं, "जा की, कॅमेरा नसला म्हणून काय झालं?" म्हणाली, "बघू." सकाळी आम्ही दोघं बसून चहा घेतो. मला हेच तर हवं होतं. ही कपाकडे बघते, मी हिच्याकडे.

२६ मार्च, बुधवार

आज हिने बोलायला सुरुवात केली. मी अहवाल लिहीत होतो. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते लिहिलंत का?"

"काय?"

"अर्धवट झाकणाने काय होतं ते."

माझं पेन थांबलं.

"लाल रेघ दिसली होती मला," ही म्हणाली. "काठावर बसले तेव्हाच. मी म्हटलं, हे कसं? तुम्ही कधी चुकत नाही. रोज दोनदा बघता, उजेडात धरता. मग लक्षात आलं, ही पण परीक्षाच असणार. तुम्ही त्याला गॅलरीतून टाकलंत, मटारात ठेवलंत, वाळूत पुरलंत. आता झाकण अर्धवट ठेवून बघायचं असेल. मला आधी सांगितलं असतंत तर मी जपून वापरला असता, म्हणून सांगितलं नसेल. मग मी तशीच उतरले. त्या दिवशीचे सगळे फोटो बुडणार हे माहीत होतं मला. त्या घाबरणाऱ्या बाईंनी पार केलं, अहो, खोल बाजू पार केली त्यांनी, आणि मी कॅमेरा धरून पाणी कसं शिरतं ते बघत होते. कुठून शिरतं, आधी काय बंद पडतं. तुम्हाला सगळं सांगायचं म्हणून पाठ करत आले घरी."

शेंगा सोलणं थांबलं नव्हतं.

"आणि तुम्ही म्हणालात, मी तुला दोष देत नाही."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"परीक्षाच होती ना?" हिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं," ही म्हणाली, आणि शेंगा घेऊन आत गेली.

पटलं हिला. सुटलो. अहवालाचा कागद मात्र तसाच अर्धा ठेवून उठलो.

२८ मार्च, शुक्रवार

गॅरंटीकडे जायला निघालो होतो. फोटोखाली नाव कोणाचं हे सांगून टाकायचं, म्हणजे निदान तेवढं तरी. चौकापर्यंत गेलो. काचेत कामगार मोजमाप घेत होता. जिन्याच्या तोंडाशी पाटीसाठी दोन खिळे ठोकलेले दिसले. परत आलो.

कॉम्प्युटरवर माझे जुने फोटो काढून बसलो. लग्नं, लग्नं, लग्नं. सगळं फोकसमध्ये. सगळे तीन भागांत. गॅरंटी बरोबर बोलला, पोळ्या.

शिट्टीबद्दल मी जे काही समजलो होतो ते मला स्वतःलाच कधी पटलं नव्हतं. त्या बिचाऱ्याचं पोट सुटलंय. मला राग आला तो ही पाण्यातून वर आली तेव्हा. कॅमेऱ्यात बघून असं हसायला मिळावं म्हणून मी हा धंदा धरला होता, आणि ते मला एकदाही मिळालं नाही, आणि हिला पहिल्या आठवड्यात मिळालं. हिला. भाजी निवडणाऱ्या, माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईला. परक्या कोणाला मिळालं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

लिहिलं. आता फाडावंसं वाटतंय.

३० मार्च, रविवार

हिला दुकानात न्यायला मी नको म्हणत होतो, लेकीने आणलं. "आईला बघू दे की," म्हणाली.

फोटो खरोखर दरवाज्याएवढा. रस्त्यावरून येणारी माणसं थांबत होती. पाण्याखालचा तो हात, ती पाठ, मधलं बोटभर पाणी. खाली ठळक अक्षरांत माझं नाव. ही काचेसमोर उभी राहिली. आधी फोटो पाहिला, मग नाव वाचलं, मग पुन्हा फोटो पाहिला. मला वाटलं वळून जाईल. गेली नाही.

गॅरंटीने आम्हाला आत ओढलं. दुकान भरलेलं. "हा आमचा परीक्षक!" मला पुढे करून तो म्हणाला. "आणि या वहिनी. वहिनी, तुमचं काय करायचं सांगा? यांनी असले फोटो काढायचे आणि तुम्ही कॅमेरा बुडवायचा? झाकण लावता येत नाही होय?"

लोक हसले. चांगलं हसले, वाईट मनाने नाही. हिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसती थांबली.

एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, "हे काढलं कसं हो? खाली एवढा वेळ थांबायचं कसं?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे ऐकलेलं होतं, पण माहीत नव्हतं. ही सांगू शकली असती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मी नाही काढला," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

"नम्रपणा बघा याचा!" गॅरंटी ओरडला. "गॅरंटी आहे, हाच काढतो." पुन्हा हशा.

मग मी जरा मोठ्याने बोललो. किती मोठ्याने ते लेक नंतर म्हणाली, रस्त्यापर्यंत. "हिने काढलाय. सगळे हिनेच काढलेत. आणि झाकण रोज मी लावत होतो. त्या दिवशी लाल रेघ मला दिसली होती. मी तशीच ठेवली. परीक्षा वगैरे काही नव्हती. मला बघवत नव्हतं."

कोणी हसलं नाही. गॅरंटीच्या हातात नव्या कॅमेऱ्याचं खोकं होतं, ते त्याने हळूच काउंटरवर ठेवलं. त्याने जिन्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहायचं टाळलं. माडी गेली हे मला तेव्हाच कळलं.

मी हिच्याकडे वळलो. काय पाहिजे होतं मला? रडणं, एखादी थप्पड, "जाऊ द्या हो" म्हणणं. त्या शुक्रवारी मी दिली तसली माफी तिने मला द्यावी असंही वाटलं असेल. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"भाऊजी," ती गॅरंटीला म्हणाली, "खालचं नाव बदलायला किती वेळ लागेल?"

"अं? नाही, तसं... पट्टीच आहे ती. संध्याकाळपर्यंत होईल."

"मग लिहून घ्या."

गॅरंटीने पेन शोधलं, बिलाच्या कागदाची मागची बाजू पुढ्यात घेतली. तिने आपलं नाव सांगितलं. त्याने लिहिलं आणि पेन टेकवून थांबला, पुढे माझं नाव आणि आडनाव येणार म्हणून.

"पुढे?" त्याने विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण त्याची गरज नव्हती, त्याने कागद आधीच घडी करून खिशात घातला होता.